बिनभंडाऱ्याची मतं

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचा पेपर आमच्या स्टाफरूममध्ये मगदूम सरांच्या आधी कुणी उघडायचा नाही. तसा नियम नव्हता, पण सरांच्या आवाजापुढं नियमाची गरजच नव्हती. ते यायचे, खुर्ची खिडकीकडं ओढायचे, बशीत चहा ओतायचे आणि पेपर वाचायला सुरुवात करायचे ती खालून. कोण निवडून आला ते बघायचेच नाहीत. शेवटच्या नंबरच्या उमेदवारापासून बोट वर सरकत जायचं.

मी गणिताची बाई. नव्वद सालानंतर या शाळेत लागले, मंगळवार पेठेत. आकड्यांचं असं उलटं वाचन मला सहन होईना. एकदा मी म्हटलं, सर, जिंकला कोण ते तरी सांगा, आम्हाला तासावर जायचंय. तर म्हणाले, "वरचा कोण आला ते गल्लीतलं शेंबडं पोर पण सांगतंय, बाई. खालच्यानं कुणाची मतं खाल्ली ते बघायचं असतंय. लोकांच्या मनात काय हाय ते तिथं कळतंय." आणि परत बोट खाली.

पूर्ण नाव शिवरुद्र मगदूम. इतिहास आणि नागरिकशास्त्र. उंच, काळेसावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आवाज असा की ते नववीला शिकवायला लागले की शेजारच्या दहावीची उजळणी फुकटात व्हायची. दहावीला तास घेणारा मास्तर मग मुकाट्यानं फळ्यावर लिहीत बसायचा, करणार काय? कोल्हापुरात राहून या माणसानं आयुष्यात मटणाला हात लावला नाही. कुणाच्या पोराचं बारसं असो नाहीतर कुणी निवडून आलेला असो, पंगतीत तांबडा-पांढरा रस्सा वाहत असायचा आणि सर कोपऱ्यात दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलेले असायचे. वर सगळ्यांना वाढपाच्या सूचना. रस्सा पातळ झालाय हे त्यांना नुसत्या बघण्यावरून कळायचं, आणि ते मोठ्यानं सांगायचेही.

सरांचं गाव सीमेपलीकडचं. कागल सुटलं, दूधगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, तिथून आत थोडंसं. राज्यांच्या हद्दी ठरल्या तेव्हा सर शाळकरी पोर होते. गाव तिकडं गेलं. सर शिकायला इकडं आले आणि इथंच राहिले, पण जीव तिकडं टांगलेला. आपलं गाव महाराष्ट्रात यायला पाहिजे, ही त्यांची जन्माची मागणी. त्यापायी तरुणपणी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. डावा खांदा पावसाळ्यात दुखायचा, तेव्हा ते "सरकार आठवण काढतंय" म्हणायचे.

गंमत म्हणजे घरात त्यांच्या आईची भाषा कानडी. बायको तर पार तिकडच्या आतल्या मुलखातली. नीला वहिनी. सरांचं भाषण लांबायला लागलं की आतून वहिनींचा आवाज यायचा, "साकु माडरी!" म्हणजे पुरे करा. सर मराठीतून उत्तर द्यायचे, वहिनी कानडीतून पुढं चालू, आणि दोघांचं भांडण असं दोन राज्यांत चालायचं. मी एकदा स्पष्टच विचारलं, सर, तुमच्या घरात निम्मी कानडी, मग तुम्हाला महाराष्ट्र कशाला हवाय? आम्हा शहरातल्या लोकांना हा प्रश्न सोपा वाटतो; आमचं गाव कुणी उचलून दुसरीकडं ठेवलेलं नसतं.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "आई कानडी, शाळा मराठी, बाजार कोल्हापूरचा. मी कुठला, हे मला इचारायला पाहिजे होतं की न्हाय? कुणी इचारलंच न्हाय. दुखणं ते हाय." आणि वर म्हणाले, "सरकार इचारत न्हाय. म्हणून आम्ही दर निवडणुकीला न इचारता उत्तर देतोय."

हे उत्तर म्हणजे सीमा चळवळीचा उमेदवार. तिकडच्या विधानसभेला सीमेवरच्या गावांचा मिळून एक उमेदवार उभा राहायचा. आमदार होऊन तो काही गाव उचलून आणू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण तो निवडून आला की ते लोकांचं म्हणणं झालं, असा सरांचा सरळ हिशेब. वर्गात स्वातंत्र्यलढा शिकवतानाही ते हेच सांगायचे. इंग्रज म्हणायचा, ही चार शिकलेली टाळकी ओरडतायत, बाकीचा देश कुठं आहे तुमच्या मागं? मग निवडणुका झाल्या, आणि देश कुणामागं आहे ते दिसलं. मोर्चाला माणसं गोळा करता येतात, सर म्हणायचे, पण मताच्या पेटीजवळ माणूस एकटा जातो. म्हणून निकालाला साहेब घाबरतो. पोरं भारावून जायची. मीही दाराआड उभी राहून एकदोनदा ऐकलंय.

एका वर्षी शिक्षक कमी पडले म्हणून नववी अ आणि नववी ब एकाच वर्गात कोंबल्या. ब ची पोरं वैतागली. त्यांना आपला वर्ग परत हवा होता. सरांना आयतंच सापडलं. मॉनिटरची निवडणूक लावली, आणि ब मधला एक पोरगा "आमचा वर्ग वेगळा करा" या एकाच मागणीवर उभा राहिला. भरघोस मतांनी आला. सर विजयी मुद्रेनं मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापक मोठे खट. ते म्हणाले, मगदूम, अहो त्या पोराकडं नवी कोरी बॅट आहे. मतं मागणीला नाहीत, बॅटीला पडलीत. कशावरून नाहीत, सांगा?

 सर आठ दिवस धुमसत होते. मग त्यांनी त्या पोराला बॅट घरी ठेवायला लावली, कुणाला खेळायला देणार नाही असं वर्गात जाहीर करायला लावलं आणि परत निवडणूक घेतली. पोरगा आला, पण काठावर. आम्ही सगळे म्हटलं, कशाला हा उपद्व्याप, चांगली भरघोस मतं होती. सर म्हणाले, असू दे, आता मुख्याध्यापक काय बोलतात बघू. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर ब चा वर्ग वेगळा झाला. शिक्षक मिळाला म्हणून झाला, हे मला ठाऊक आहे, पण सरांना कोण सांगणार?

त्यानंतर काही वर्षांनी मी सरांच्या गावी गेले. वहिनींनी आग्रह केला म्हणून, आणि तिकडं विधानसभेची निवडणूक होती म्हणूनही. सरांची थोरली बहीण गावातच दिलेली, सगळे तिला अक्का म्हणायचे. विधवा बाई, शेती स्वतः बघायची. हातातलं काम कधी खाली नाही आणि तोंडात शब्द कधी वाया नाही. सरांना साऱ्या कोल्हापुरात कुणी अरे म्हणायचं नाही. अक्का त्यांना शिवा म्हणायची.

त्या दिवशी बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलायचा कार्यक्रम होता. ही तिथली जुनी रीत. मतदानाच्या आधी घरटी एकेक माणूस देवळात येतो, परातीतल्या हळदीची चिमूट हातात घेतो आणि देवासमोर म्हणतो की आमच्या घरातली मतं चळवळीला. एकदा भंडारा उचलला की संपलं. त्या गावात भंडारा मोडायची कुणाची टाप नाही. गुरं मरतात, पोरं आजारी पडतात अशी लोकांची श्रद्धा. म्हणूनच ते गाव एकगठ्ठा. सर परातीजवळ उभे होते, चेहरा नुसता फुललेला. आलेल्या प्रत्येकाला "या पावणं" म्हणत पुढं घेत होते. अक्का आली, चिमूट उचलली, शब्द पुटपुटली आणि पदर सावरत निघून गेली.

दुपारी आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. सर पाणी प्यायला आत आले आणि मला ऐकवायला म्हणाले, बघितलंत बाई, हे खरं लोकमत, अख्ख्या गावात एक मत फुटत नाही. अक्का भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "फुटंल कसं? भंडारा हाय न्हवं."

सर हसले. म्हणाले, भंडारा नसता तरी तू दुसरीकडं घातलं असतंस का?

अक्कानं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. मग सरांकडं बघून बोलली. "शिवा, माझा नातू कानडी शाळंत शिकला. बेंगळूरला नोकरीला लागलाय. उद्या गाव महाराष्ट्रात गेलं तर त्येचं काय, ह्यो घोर माझ्या जिवाला हाय. पर तू परात म्होरं केलीस, मी उचलला. देवाचं भ्या हाय मला, तुझ्या चळवळीचं न्हाय. तू कवा इचारलंस व्हय मला?"

 वहिनींनी नेहमीचं "साकु माडरी" अक्काला म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.  ज्या माणसानं जन्मभर "आम्हाला कुणी विचारलं नाही" म्हणून लाठ्या खाल्ल्या, त्यानं स्वतःच्या बहिणीला विचारलं नव्हतं. अक्का तेवढं बोलून परत भाकरीला लागली.

चळवळीचा उमेदवार त्या वेळी निवडून आला. पण त्याआधी, गावाहून परत येताना एसटीत सर खिडकीला चिकटून बसले होते. वहिनींना झोप लागली होती. कागल आलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघतच मला म्हटलं, "बाई, आमची बॅट सापडली."  

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सीट आपली, निकाल आपला, गावात मान आपला. कुणी सांगितलंय विंचवाला डिवचायला? पण मगदूम सर नावाचा माणूस स्वतःला खोटं सांगून एक दिवस झोपू शकत नव्हता. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते निवृत्त झाले होते, आणि मतदानाच्या आधी महिनाभर गावात जाऊन बसले. म्हणाले, यंदा भंडारा उचलायचा नाही.

गावात काय झालं ते मला वहिनींकडून कळलं. तिथल्या चळवळीचे म्होरके बाळू अण्णा, सरांचे लहानपणापासूनचे दोस्त, दोघांनी एकत्र मार खाल्लेला. त्यांनी आधी समजावलं, मग हात जोडले, मग सरांना घराबाहेर काढलं. त्यांचंही काय चुकलं म्हणा. भंडारा बंद केला तर सीट जाणार, हे सांगायला जोतिषी लागत नव्हता. अण्णा म्हणाले, एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात घालणार तू, कशासाठी? तेव्हा सर म्हणाले ते वाक्य वहिनींनी मला तसंच्या तसं सांगितलं, मराठीत, जे त्या क्वचितच बोलायच्या: "उद्या दिल्लीत कुणी इचारलं, ही मतं लोकांची का बिरदेवाची, तर म्या काय सांगू, अण्णा?"

ठरलेल्या दिवशी परात तरीही आली. रीत ती रीत. लोक जमले, अण्णा पुढं झाले. सरांनी काय करावं? परात उचलून आपल्या हातात घेतली आणि आलेल्या प्रत्येकाच्या कपाळाला स्वतः भंडारा लावला. प्रत्येकाला सांगत होते, देवाचा आशीर्वाद घ्या आणि जा, हातात उचलू नका, शब्द देऊ नका, मत तुमचं तुमच्यापाशी. अण्णा देवळातून उठून गेले. लिंगायताचा पोर धनगरांच्या बिरदेवाची परात अडवतोय, असंही कुणीतरी ओरडलं म्हणे. सर हळद लावत राहिले. अर्धं गाव तोंडं पाडून घरी गेलं, आणि अर्ध्या गावाला, वहिनी म्हणाल्या, सुटल्यासारखं वाटलेलं दिसत होतं.

सीट गेली. थोडक्यात गेली, पण गेली. यंत्रं आली होती, त्यामुळं गावागावाचे आकडे लगेच कळले. सरांच्या गावानं चळवळीला निम्म्याहून थोडी जास्त मतं दिली होती. एवढीच. आजूबाजूच्या गावांतही भंडाऱ्यावरून कुजबुज झाली आणि तिथंही फूट पडली. मास्तरनं बुडवलं, असं सगळा मुलूख बोलायला लागला. सर गावात गेले तर बाळू अण्णांच्या कट्ट्यावर त्यांना कुणी बस म्हटलं नाही. पन्नास वर्षांच्या दोस्तानं तोंड फिरवलं. त्या रात्री सर जेवले नाहीत आणि वहिनींनी विचारलं तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, हे त्यांनीच मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, आता कशाला हवा होता हा शहाणपणा, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सर, निवृत्त झाले तरी कधीमधी यायचे तसे, शाळेत आले ते पेढ्याचा पुडा घेऊन. स्टाफरूममध्ये सगळे बघतच राहिले. नव्या शिक्षकांना वाटलं, जिंकले. मी म्हटलं, सर, हरलात की.

"सीट हरलो," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. "आजपातूर अख्खं गाव माझ्या मागं हाय म्हणत होतो, पण त्यात माझी किती आन् देवाची किती, मला ठाऊक न्हवतं. आता निम्म्याच्या वर हायत, ती माझी हायत. कुणाच्या बी तोंडावर छाती ठोकून सांगतो." आवाज नेहमीसारखाच, शेजारच्या वर्गाला ऐकू जाणारा. डोळे मात्र रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते.

मी विचारलं, राहिलेल्यांचं काय? ते म्हणाले, त्यांच्या दारात जायचं, आणि काय. चाळीस वर्षांत गेलोच नाही. परात होती ना, दारात जायची गरज काय पडली?

मग ते खरोखर जायला लागले. आठवड्याला दोनदा एसटीनं दूधगंगेपलीकडं. ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या घरी मुद्दाम. जमिनीचा उतारा कानडीत असतो तो वाचून दाखवायचे, अर्ज मराठीत लिहून द्यायचे, आणि समोरच्याला बोलू द्यायचे, जे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. वहिनी म्हणायच्या, ह्यांना आता ऐकू यायला लागलंय. बाळू अण्णांचा अबोला मात्र मोडायला दोन वर्षं लागली. पुढं तेही सरांबरोबर दारोदार हिंडायला लागले, वाटेत सरांना शिव्या देत.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. हृदयविकार. दवाखान्यापर्यंतही पोचू दिलं नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला अजून राग येतो. शेवटचे भेटले ते सांगते.

त्या वर्षी अक्कानं मला तिकडं यात्रेला बोलावलं होतं, आणि पुन्हा निवडणूक तोंडावर होती. दुपारची वेळ. अक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती, मी तिच्या शेजारी. सर आले, एकटे. खांदा जरा झुकलेला, शर्टाची इस्त्री तशीच. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत न येता तिथंच हात जोडून उभे राहिले. मला वाटलं चेष्टा करतायत.

"अक्का, मत मागायला आलोय," सर म्हणाले.

अक्का शेंगा फोडत राहिली. मधल्या वर्षांत, भंडारा न उचललेल्या त्या निवडणुकीत तिनं मत कुणाला घातलं, हे तिनं सरांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा "माझं मी बघंन" म्हणून उडवून लावलं होतं. आता तिनं मान वर केली आणि आपल्या धाकट्या भावाकडं जरा वेळ बघितलं. त्या बघण्यात माया होती, पण सूट नव्हती.

"का देऊ, ते सांग," ती म्हणाली.

सर सवयीनं मोठ्या आवाजात सुरू झाले. हद्दी ठरल्या तेव्हा आम्हाला कुणी इचारलं न्हाय...

"ते मला पाठ हाय," अक्का म्हणाली. "माझ्या नातवाचं काय, तिथनं सांग."

सर थांबले. डोकं खाजवलं. आणि मग एवढ्या मोकळेपणानं हसले की मी त्यांना तसं कधी हसताना पाहिलं नव्हतं. उंबरा ओलांडून आत आले, अक्कासमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा आपल्यापुढं ओढल्या.

"च्या टाक," म्हणाले. "येळ लागंल."

अक्का उठली. मला शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून मी निघाले. वळणावर आले तरी सरांचा आवाज ऐकू येत होता, पण मधेमधे तो थांबत होता आणि अक्का बोलत होती.